निरोप आणि गाव

नाशिक,
९ जून

चि. मुक्तास,


तुझा लांबलचक मेसेज वाचला. त्याच संध्याकाळी दादाचाही फोन येऊन गेला, त्यामुळे खटल्याच्या दोन्ही बाजू माझ्याकडे आल्या. तुला समाजशास्त्र आणि संज्ञापन, म्हणजे तुमच्या भाषेत सोशिओ आणि मास कॉम, हे दोन्ही विषय सारख्याच वजनाने घेऊन पदवी करायची आहे. दादाचं म्हणणं, एक ना धड भाराभर चिंध्या. कॉमर्स घे, सोबत स्पर्धा परीक्षा दे, हा त्याचा ठेका. वहिनी मागून काहीच बोलली नाही. ती गप्प असते तेव्हा तिचा कौल तुझ्या बाजूचा असतो, हे मी तिच्या लग्नापासून पाहते आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते: घे. पण तू जी कारणं लिहिलीस ती मला पटलेली नाहीत. दोन विषय असले की दोन दारं उघडी राहतात, असं तू म्हणतेस. त्या हिशोबाने घेतलेस तर दादा म्हणतो तेच होईल. तीन वर्षांनी तुझ्या हातात अर्धं समाजशास्त्र आणि अर्धं मास कॉम उरेल, आणि ज्यांनी एकेकच विषय पुरता केला त्या मुली दोन्हीकडे तुझ्या पुढे असतील. हे दोन विषय एकत्र शिकण्याचं खरं कारण निराळं आहे. निरोप कोणी दिला, कसा दिला, कशातून दिला, हे एक शास्त्र पाहतं. तो ज्या गावात पोचला तिथे कोण कोणाशी बोलतं, कोण कोणाचं ऐकतं, कोणाला तोंडच उघडू देत नाहीत, हे दुसरं पाहतं. यातलं एकच शिकलेल्या माणसाला अर्धी गोष्ट कळते, आणि ती सगळी कळली असं वाटत राहतं.

तुझ्याच जिल्ह्यातलं उदाहरण देते. १९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे निवडले: पुणे, अहमदनगर, आमचं नाशिक, उत्तर सातारा आणि तुमचं कोल्हापूर. दीडशे गावं. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं श्रोता मंडळ. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम, असे दहा आठवडे, एकूण वीस कार्यक्रम. विषय शेती, आरोग्य, शिक्षण, गावकारभार असे. मंडळाने एकत्र बसून ऐकायचं, ऐकून झाल्यावर त्यावर बोलायचं, गावात काय करता येईल ते ठरवायचं, आणि शंका केंद्राला लिहून कळवायच्या. कल्पना कॅनडातून आली होती. तिथल्या शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळं १९४१ पासून चालू होती.

आता यात समाजशास्त्र कुठे आलं? प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे होतं, आणि ते उभं केलं पॉल न्यूराथ यांनी. मूळचे व्हिएन्नाचे. दाखाऊ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांतून सुटून पुढे अमेरिकेत पोचलेले, कोलंबिया विद्यापीठात पॉल लाझार्सफेल्ड यांच्या हाताखाली शिकलेले. (त्यांचे वडील ऑटो न्यूराथ. आकडेवारी चित्रांच्या खुणांनी सांगायची पद्धत त्यांनी घडवली. रेल्वे स्टेशनात आणि विमानतळावर दिसणाऱ्या चित्रखुणांची वंशावळ त्यांच्यापर्यंत जाते. वडील निरोप कसा द्यावा याच्या मागे, मुलगा निरोपाचं पुढे काय झालं याच्या मागे. तुझी जोडपदवी त्यांच्या घरातच होती म्हण ना.)

न्यूराथ यांच्या चमूने काय केलं ते नीट बघ, कारण तुझ्या पदवीचा सगळा जीव त्यात आहे. त्यांनी मंडळं असलेली गावं घेतली. त्यांच्याशी ताडून पाहायला नुसता रेडिओ असलेली, पण मंडळ नसलेली गावं घेतली. आणि रेडिओसुद्धा नसलेली गावंही घेतली. कार्यक्रम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर, दोन्ही वेळा लोकांना त्या विषयांवरचे प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांची माहिती ठळकपणे वाढलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत त्या मानाने फारच थोडी.

रेडिओ तोच, आवाज तोच, कार्यक्रम तोच. मधे फक्त माणसांचं बसून बोलणं आलं. आकाशवाणीतल्या माणसांनी एकट्यांनीच हा प्रयोग तपासला असता तर कार्यक्रम किती चांगले झाले याचा अहवाल निघाला असता. गावाचा अभ्यास करणाऱ्यांनी एकट्यांनीच तपासला असता तर चावडीवरच्या गटातटांचं सुंदर वर्णन मिळालं असतं, पण रेडिओवर काय लागलं होतं आणि त्यातलं लोकांच्या डोक्यात काय राहिलं, हे कळलं नसतं. दोघं एकत्र बसली म्हणून तिसरीच गोष्ट हाती लागली.

न्यूराथ यांचा या प्रयोगावरचा लेख १९६२ साली 'इकॉनॉमिक डेव्हलपमेंट अँड कल्चरल चेंज' या नियतकालिकात आला. कॉलेजच्या ग्रंथालयातून मिळव. वाचताना एक प्रश्न समोर ठेव: या मंडळांत बायका कुठे होत्या? आणि दुसरा: पाटील समोर बसलेला असताना बाकीचे खरंच किती बोलत असतील? पुढे १९५९ पासून ही मंडळं देशभर नेली, त्यांची संख्या हजारांत गेली आणि मग त्यांचा जोर ओसरला. का ओसरला, यावर तुला तिसऱ्या वर्षी प्रबंधिका लिहिता येईल. कोल्हापूर जिल्ह्यातली तेव्हाची कोणती गावं प्रयोगात होती ते शोधून काढलंस तर तिथे जायचं भाडं मी देईन.

दुसरं उदाहरण जड आहे. १ जुलै २०१८, रविवार. आमच्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत मारहाण केली. पाचही जण मेले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, पोटासाठी इतक्या लांब आलेले. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्याआधीपासून व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल, अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं.

मास कॉमच्या वर्गात हे शिकवतील तेव्हा बोलणं मेसेजवर होईल: तो कुठून आला, व्हिडिओ खरा की जुळवलेला, किती जणांनी पुढे पाठवला, मर्यादा घातल्याने काय फरक पडला. सगळं आवश्यक आहे. पण त्या बाजारात बाहेरगावचे व्यापारीही असतील, भाजीवाले असतील, कपडेवाले असतील. संशय नेमका या पाच जणांवर का बसला? ज्याला गावात जमीन नाही, सोयरा नाही, ज्याच्या बाजूने चार शब्द बोलेल असं कोणी ओळखीचं नाही, ज्याचा वेष आणि बोली वेगळी, त्याच्यावर. भटक्यांकडे संशयाने बघण्याला इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारी शिक्का दिला होता. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पोलीस ठाण्यापासून पारापर्यंत ती नजर टिकून आहे. हे समाजशास्त्राचं काम.

तेवढ्याने भागत मात्र नाही, हे समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीही लक्षात घ्यायला हवं. संशय शंभर वर्षांचा होता, तर मग त्याच रविवारी का? डवरी गोसावी त्याआधीही फिरत होतेच. याचं उत्तर जातीव्यवस्थेवरच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. ते लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. व्हिडिओ पाहिलेला माणूस बाजारात आला, शेजाऱ्यानेही तोच पाहिलेला होता, आणि दोघांनाही तो ओळखीच्याच कोणीतरी पाठवलेला होता. परक्याने सांगितलेलं माणूस तपासून घेतो, मेव्हण्याने पाठवलेलं घेत नाही. पुढच्या वेळी एखादा वक्ता 'सोशल मीडियाने समाज बिघडवला' म्हणाला की त्याला राईनपाड्याबद्दल विचार. एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झाला तर त्याला दोन्हींतलं एकच शास्त्र येतं, असं समज. कधी कधी एकही येत नसतं.

हा जोड काल-परवाचा नाही. शिकागोचे रॉबर्ट पार्क प्राध्यापक होण्याआधी कित्येक वर्षं वार्ताहर होते. शहराचा अभ्यास पायी हिंडून करायचा, ही सवय त्यांनी वर्तमानपत्रातून विद्यापीठात नेली, आणि १९२२ साली त्यांनी अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या वृत्तपत्रांवर पुस्तक लिहिलं. पण मला जास्त जवळचं उदाहरण आपलं आहे. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला: त्या कशा चालतात, कशा उगवल्या, कशा वाढल्या. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, हे तुला कोल्हापूरकर म्हणून माहीत असेलच. त्या पाक्षिकाच्या पहिल्या अंकातच त्यांनी मुंबई इलाख्यातल्या वृत्तपत्रांकडे बोट दाखवलं: ही पत्रं ठरावीक जातींचं हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते. म्हणजे वृत्तपत्र ही सुद्धा समाजातली एक संस्था आहे, तिलाही जात आहे, आणि तिच्यामुळे काही आवाज ऐकू येतात, काही येत नाहीत, हे त्यांनी स्वतःचं पत्र काढता काढता सांगितलं. आधी समाजाचा नकाशा, मग निरोपाची वाट. या क्रमाने विचार करणारा दुसरा संपादक मला त्या काळात दिसत नाही. मुकुंदराव पाटलांचा 'दीनमित्र' मात्र आठवतो. १९१० पासून त्यांनी तो खेड्यातून चालवला, बहुतेक काळ नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून. छापखाना पुण्यात नसला तर बातमी कोणती होते, हे त्या अंकांतून बघण्यासारखं आहे.

आता दोन्ही विषयांचे दोष सांगते, नाहीतर तू म्हणशील आत्या नुसती भारावून लिहिते.

मास कॉमचा दोष असा की तिथे हाताला लवकर काहीतरी येतं. पहिल्याच सत्रात कॅमेरा, दुसऱ्यात एडिटिंग, तिसऱ्यात पॉडकास्ट. मुलांना वाटतं आपण बोलायला लागलो. काय बोलतो आहोत, हा प्रश्न मागे राहतो. ग्रामीण स्त्रियांवर डॉक्युमेंटरी करायची म्हणून चार पोरं गाडी काढून जातात, विहिरीवर डोक्यावर हंडा घेतलेली बाई सापडली की शूट संपतं. ती बाई कोणत्या विहिरीवर आली, कोणत्या विहिरीवर येऊ शकत नाही, हे विचारायचं कोणाच्या ध्यानात येत नाही.

समाजशास्त्राचा दोष उलटा. तिथे मूल शब्द शिकतं आणि शब्दांच्या आडोशाला बसतं. 'संरचनात्मक विषमतेचे पुनरुत्पादन' असं लिहिलं की काहीतरी समजल्यासारखं वाटतं. तुमच्या गडहिंग्लजच्या भाजी मंडईत उभं राहून ते कोणाला सांगता येईल का, ही कसोटी लावायची. यात आपल्यासमोर इरावती कर्वे आहेत. डेक्कन कॉलेजात बसून त्यांनी १९५३ साली 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' हा नातेव्यवस्थेवरचा ग्रंथ दिला, आणि त्याच बाईंनी वारीवर मराठीत लिहिलं. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे चालतात एकत्र, पण स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी, हे त्या स्वतः चालताना बघतात आणि त्याची खंत तिथेच, साध्या बोलीत मांडतात. त्यात एकही जड संज्ञा नाही, आणि समाजशास्त्र तर पुरेपूर आहे. दर सत्राला त्यांचा एक लेख वाचावास असा माझा आग्रह आहे. परीक्षेत विचारोत न विचारोत.

या दोन दोषांमधून एक खड्डा तयार होतो आणि जोडपदवीची मुलं त्यातच पडतात. तो म्हणजे संशोधन पद्धती. समाजशास्त्राचा विभाग धरून चालतो की ही पोरं मास कॉममध्ये सर्वेक्षण शिकतात. मास कॉमचा विभाग धरून चालतो की ते समाजशास्त्रात होतं. दोघं एकमेकांवर सोपवतात आणि मुलगी पदवी घेऊन बाहेर पडते तेव्हा तिला नमुना कसा निवडायचा, प्रश्नावलीतला प्रश्न उत्तराकडे झुकलेला आहे की नाही, मुलाखतीत गप्प कधी बसायचं, यातलं काहीच येत नाही. म्हणून दोन्ही विभागांत जाऊन विचार: सांख्यिकी कोण शिकवतं, कोणत्या सत्रात? क्षेत्रभेट किती दिवसांची, आणि ती बसने फिरवून आणणं आहे की राहून काम करणं? शेवटच्या प्रकल्पाला दोन्ही विभागांतले मार्गदर्शक घेता येतात का? उत्तर द्यायला दोघंही एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर समज, जोड कागदावरच आहे. तरी प्रवेश घ्यायचा असेल तर घे, पण मग पद्धतीचं शिक्षण तू स्वतः मिळवायचं.

मारिएन्थाल या ऑस्ट्रियातल्या गावाचा अभ्यास हाती लागला तर सोडू नकोस. तिथला कापडाचा कारखाना बंद पडून जवळजवळ सगळं गाव बेकार झालं होतं. मारी याहोदा, लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी तिथे जाऊन काम केलं, १९३३ साली पुस्तक निघालं. माणसं रस्त्याने किती वेगाने चालतात ते त्यांनी मोजलं. बेकार पुरुषांची चाल मंदावली होती. आणि ग्रंथालयाच्या नोंदी पाहिल्या. वाटेल, रिकामा वेळ मिळाला तर लोक जास्त वाचतील. झालं उलटं, पुस्तकं नेणं घटलं. ग्रंथालयाची वही ही समाजशास्त्राची सामग्री आहे आणि वाचन हा संज्ञापनाचा विषय. दोन्ही एकाच वहीत.

तू जुलैपर्यंत घरीच आहेस, तर एक काम सुरू कर. त्याला ना फी ना प्रवेश. आपल्याकडे मयताचा निरोप कसा जातो, ते वहीत उतरव. पूर्वी माणूस पाठवायचे. आता पहिला फोन कोणाला जातो? कोणाला फोन करावाच लागतो आणि कोणी स्टेटसवर फोटो बघून समजून घ्यायचं असतं? 'मला फोन आला नाही' म्हणून रुसणारे कोण? ग्रुपवर टाकलं तरी ज्याच्या घरी जाऊनच सांगावं लागतं असा कोण? चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स कोणाचा लागतो, कोणाचा लागत नाही, आणि तो कोणाच्या पैशाने? दहाव्याची वेळ बायकांपर्यंत कोणत्या वाटेने पोचते? लोकांना त्रास होईल असे प्रश्न विचारू नकोस, दुःखाच्या घरात वही काढू नकोस. फक्त बघ, आणि नंतर आजीशी बोल. तिला गल्लीतल्या प्रत्येक घराची सोयरीक पाठ आहे. दोन-तीन प्रसंग नीट टिपलेस तरी नाती, जात, पैसा, बाईचं स्थान, फोन, फ्लेक्स, सगळं एका पानावर येईल. ते पान घेऊन कॉलेजात जा.

फोनवरून आठवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल असल्याचं निघालं. मी ज्या आरोग्य प्रकल्पात होते तिथे गरोदर बायकांना आठवड्याला एक व्हॉइस कॉल जायचा. मजकूर उत्तम, आवाज गोड, बोली त्या भागातली. नोंदवहीतला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असायचा आणि कॉल यायचा संध्याकाळी, तो पानटपरीवर असताना. 'कॉल पोचला' अशी नोंद संगणकात व्हायची. कार्यालयात तक्ते हिरवे दिसत होते. दोन-तीन आशाताईंनी हे आधीच सांगितलं होतं, पण त्यांचं ऐकण्याची सोय प्रकल्पात नव्हती. अशा जागी तुझ्यासारख्या शिकलेल्या मुलीची गरज असते. आणि अशा जागी पगार फार नसतो, हेही आत्ताच सांगून ठेवते.

म्हणजे दादाच्या प्रश्नावर आले. नोकरी कुठे? सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, आरोग्य आणि शिक्षणातले प्रकल्प, जाहिरात कंपन्यांत ग्राहकांचा अभ्यास करणारे विभाग, ॲप बनवणाऱ्या कंपन्यांत लोक ते कसं वापरतात हे पाहणारी माणसं, वृत्तसंस्था, कंपन्यांचे सामाजिक निधीचे विभाग. सुरुवात बेताची असते. पुढे वाढतं ते तुझ्या मराठीवर, इंग्रजीवर आणि आकड्यांच्या सरावावर. दादाला स्पर्धा परीक्षेचं वेड आहे तर सांग, यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं आणि पुष्कळ मुलं घेतात. प्राध्यापक व्हायचं मनात आलं तर मात्र पदव्युत्तरला एक बाजू धरावी लागेल. नेटमध्ये समाजशास्त्र वेगळा विषय आहे, जनसंज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या वेगळा. तो निर्णय आज करायचा नाही.

कागदोपत्री भाग थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आणि डबल मेजर असे प्रकार आहेत. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. डबल मेजर म्हणवायचं तर दुसऱ्या विषयाचे किमान ४० टक्के क्रेडिट हवेत. मायनर म्हणून घेतलेलं संज्ञापन त्यापेक्षा फार कमी असतं. माहितीपत्रकावर दोन्ही विषयांची नावं झळकतात, तेव्हा आतला हिशोब बघ. एकाच वेळी दोन स्वतंत्र पदव्या करायलाही २०२२ पासून परवानगी आहे, पण त्या भानगडीत पडू नकोस. त्यात दोन परीक्षा आणि दोन वेळापत्रकं असतात, दोन विषयांची गाठ कुठेच पडत नाही. इंग्लंडात ज्याला जॉइंट ऑनर्स म्हणतात तो प्रकार जुना आहे, कील विद्यापीठाची तर त्यावरच ओळख आहे. तुझ्या मैत्रिणीच्या भावाने सांगितलं म्हणून तिकडचं बघू नकोस मात्र. हा विषय शिकायला राईनपाडा आणि गडहिंग्लज जवळ हवेत. एमएला जायचं तर तेव्हा बघू.

जमलं तर चौथं वर्ष कर. तीन वर्षांत दोन विषयांची ओळख होते. दोघांना एका कामाला जुंपायला तो शेवटचा संशोधन प्रकल्पच लागतो. आणि विषय निवडताना दोन्ही विभागांना थोडी अडचण होईल असा निवड. दोघंही खूश असले तर समज, तू एकाच बाजूचं काम करते आहेस.

आता लगेच करायच्या गोष्टी. अर्ज भरायच्या आधी दोन्ही विभागांच्या गेल्या दोन वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळव. विद्यापीठाच्या पत्रकापेक्षा त्या खरं बोलतात. तिसऱ्या वर्षाच्या एका तरी मुलीला भेट आणि तिला प्रकल्पाचा विषय विचार. तो सांगताना तिचा चेहरा खुलला तर ते कॉलेज चांगलं. वसतिगृह मिळतं का ते आधी बघ, कारण रोज एसटीने येऊन-जाऊन क्षेत्रकाम होत नाही. दादाशी मी रविवारी बोलते, पण फीचा विषय तू स्वतः काढायचास, आकडा लिहून. गोलमोल बोललेलं त्याला आवडत नाही, नेमका आकडा समोर असला की तो ऐकतो.

वहिनीला सांग, कुरडयांचं पार्सल पोचलं, एकही मोडली नाही. आजीच्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुझी,
आत्या